गवसणीतले वाद्य

आपल्या घरात एखादे वाद्य आहे का? कपाटावर ठेवलेली पेटी असेल, कोपऱ्यात गवसणी घालून उभी केलेली सतार असेल, किंवा मुलाने दोन वर्षे शिकून सोडून दिलेला तबला-डग्गा असेल. असल्यास पुढे वाचण्यापूर्वी एकदा त्याच्याकडे पाहावे आणि स्वतःला विचारावे : हे शेवटचे कधी वाजले? आणि ते वाजत नसेल, तर ‘हे माझे आहे’ असे मी म्हणतो त्याचा अर्थ काय?

प्रश्न वाद्याचा वाटतो, पण तो आपल्या साधनेचाही आहे. योगशास्त्रात अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह असे पाच यम सांगितले आहेत. त्यांतील सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह मी ग्रंथांत वाचले होते, परंतु ते थोडेफार कळले वाद्यांच्या खरेदी-विक्रीत, आणि तेही चुका करून. मी कलावंत नाही. नोकरीतून उरलेल्या वेळात वाजवणारा हौशी माणूस आहे. पस्तीस वर्षांत माझ्या घरी पेटी आली, सतार आली, तबला, बासऱ्या, व्हायोलिन, मेंडोलिन आणि दिलरुबा आला. त्यांतील बरीच वाद्ये पुढे दुसऱ्यांच्या घरी गेली. या येण्या-जाण्यातून जे शिकलो ते आपल्यासमोर ठेवतो, कारण वाद्याच्या जागी आपण आपल्या आवडीची कोणतीही वस्तू ठेवून पाहू शकता.

आपण नवे का घेतो?

बासरी हातात घेतली की पहिले काही दिवस नुसती हवा निघते. मग एखाद्या सकाळी अचानक सूर लागतो. त्या आनंदाला तोड नसते. पुढचे काही महिने प्रगती दिसत राहते. अलंकार बसतात, एखादे भजन वाजू लागते. त्यानंतर मात्र एक सपाट माळ लागतो. रोज बसावे आणि रोज तेथेच असावे, असे महिनोन्महिने चालते. नेमक्या याच ठिकाणी माझी पावले वाद्यांच्या दुकानाकडे वळत.

मी याला आवड म्हणत असे. पुढे एकदा जुन्या पावत्या चाळताना लक्षात आले की प्रत्येक नवे वाद्य आधीचे वाद्य कठीण होऊ लागले तेव्हाच घरात आले होते. पतंजली अभ्यासाच्या तीन अटी सांगतात : तो दीर्घकाळ हवा, खंड न पडता हवा आणि आदराने केलेला हवा. नवे वाद्य या तिन्ही अटींतून तात्पुरती सुटका देते. पुन्हा पहिल्या सुराचा आनंद, पुन्हा वेगाने होणारी प्रगती, आणि ‘मी शिकतो आहे’ हे समाधान. माळ ओलांडावा लागत नाही, कारण आपण दर वेळी नव्या वाटेच्या सुरुवातीला येऊन उभे राहतो.

आपल्या साधनेतही असे घडत नाही का? जपात मन लागेनासे झाले की आपण नवे स्तोत्र शोधतो. एका ग्रंथाचे वाचन जड वाटू लागले की दुसरा मागवतो. शिबिराचा उत्साह ओसरला की पुढच्या शिबिराची तारीख पाहतो. यांतील एकही गोष्ट वाईट नाही. पण ती केव्हा केली जाते, हे तपासून पाहावे.

मग अनेक वाद्ये वाजवणे चुकीचे आहे का? तसे मुळीच नाही. मैहरचे उस्ताद अलाउद्दीन खाँ यांचे उदाहरण घ्या. सरोद आणि व्हायोलिनसह कितीतरी वाद्यांवर त्यांचा हात चालत असे. अनाथ मुलांना घेऊन त्यांनी मैहर बँड उभा केला आणि त्यासाठी बंदुकीच्या नळ्यांपासून नलतरंग नावाचे वाद्यही तयार करवले. त्यांच्यापाशी अली अकबर खाँ सरोद शिकले, रवि शंकर सतार शिकले, अन्नपूर्णादेवींनी सूरबहार घेतले आणि पन्नालाल घोष यांनी बासरी. वाद्ये वेगवेगळी, पण त्यांतून वाहणारी रागविद्या एकच होती. तेव्हा संख्या हा निकष होऊ शकत नाही.

मी स्वतःसाठी एक साधी कसोटी ठरवली आहे. नवे वाद्य हातात आल्यावर जुने अधिक कळू लागते की अडगळीत जाते? मी तबल्याकडे वळलो तेव्हा माझ्या सतारीची लय सुधारली. मेंडोलिन आणले तेव्हा सतार फक्त बंद पडली. पहिली खरेदी साधनेसाठी होती, दुसरी साधनेपासून पळण्यासाठी. दुकानात मात्र दोन्ही वेळा माझा उत्साह अगदी सारखाच होता. म्हणूनच उत्साहाच्या साक्षीवर विसंबू नये.

विकताना बोललेले अर्धे सत्य

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती सांगायला मला बरीच वर्षे लागली.

बदलीच्या सामानात माझी सतार आडवी पडली आणि दांडी जेथे भोपळ्याला जोडलेली असते तेथील सांधा उकलला. मी सरस भरून तो बसवून घेतला, वरून पॉलिश करवले. चीर दिसेनाशी झाली, सांधा मात्र कच्चाच राहिला. तारा चढवल्या की दांडी किंचित ओढली जाई आणि मिळवलेले सूर उतरत. काही महिन्यांनी मी ती विकायला काढली. एक गृहस्थ आपल्या चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. त्यांना वाद्यातले काही कळत नव्हते. त्यांनी एवढेच विचारले, “चांगली आहे ना?” मी म्हणालो, “जुनी आहे, पण आवाज गोड आहे.”

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी खोटे बोललो नाही, असे त्या रात्री स्वतःला समजावले.

दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. तक्रार करायला नव्हे, सल्ला विचारायला. मुलगी रोज बसते, पण सतार सुरात राहत नाही. क्लासमध्ये सगळ्यांसमोर बेसूर वाजते. आता ती म्हणते, “बाबा, माझ्या कानातच काहीतरी कमी आहे.” ते मला म्हणाले, “तुम्ही जाणकार आहात. ती ऐकायला कमी पडते का, एकदा पाहाल का?”

मी गेलो. त्या मुलीसमोर सांगितले की दोष तुझ्या कानाचा नाही. दोष सतारीत आहे, तो मला ठाऊक होता आणि मी तो लपवला. पैसे परत केले, सतार परत आणली. ती मुलगी काही बोलली नाही. तिच्या वडिलांनी चहा विचारला. पुढे तिने सतार पुन्हा हाती घेतली नाही. पैसे मी परत करू शकलो. ते दोन महिने आणि त्यांत तिने स्वतःबद्दल करून घेतलेले मत परत घेता आले नाही.

येथे एक प्रश्न उभा राहतो. विचारले नसताना दोष सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे का? घेणाऱ्याने पारखून घ्यावे, असे व्यवहार म्हणतो. कापड घेणारा कापड पारखू शकतो, कारण त्याला डोळे आहेत. पण वाद्य पारखायला जो कान लागतो, तो त्या वाद्यावर शिकूनच तयार व्हायचा असतो. नवशिक्याजवळ पारख नसते, आणि म्हणून वाद्याचा दोष तो स्वतःचा दोष मानतो. समोरचा जितका अजाण, तितकी जाणत्याची जबाबदारी मोठी. माझ्या मौनाने त्या मुलीला थोडक्या पैशांचा चटका बसला असता तर ती व्यवहारातली फसवणूक ठरली असती. पण त्या मौनाने तिच्या आत्मविश्वासाला घाव घातला, आणि ती हिंसा होती. सत्य आणि अहिंसा शेजारी शेजारी का ठेवले आहेत, हे मला त्या दिवशी कळले.

तेव्हापासून वाद्य विकताना मी दोष आधी सांगतो, कागदावर लिहून देतो आणि मगच वाजवून दाखवतो. सत्य बोलल्याने नेहमी लाभ होतो, असे मी म्हणणार नाही. माझे मेंडोलिन सहा महिने पडून राहिले आणि शेवटी कमी किमतीला गेले. पण जी रक्कम केवळ समोरच्याच्या अज्ञानामुळे मिळाली असती, ती माझी नव्हतीच. ती न घेणे म्हणजेच अस्तेय.

न वाजणारे वाद्य

काही वस्तू वापराने झिजतात. वाद्य न वापरल्यानेही बिघडते. पेटीच्या भात्याचे चामडे कडक होते, आत कसर शिरते, तारांना गंज चढतो, तबल्याची पुडी दमटपणा धरते. अशी वस्तू नुसती ‘जपून ठेवता’ येत नाही.

तिच्यामागे कष्ट किती असतात पाहा. मिरजेत सतार आणि तंबोरा घडवणाऱ्या कारागिरांची कित्येक पिढ्यांची परंपरा आहे. २०२४ मध्ये तेथील या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांसाठी लागणारे मोठे भोपळे पंढरपूरच्या परिसरातून येतात. ते वाळवायचे, कापायचे, दांडी जोडायची, आणि सर्वांत शेवटी घोडी हलक्या हाताने घासत जवारी काढायची. जवारी मोजपट्टीने निघत नाही. कारागीर एकदा घासतो, एकदा ऐकतो, पुन्हा घासतो. इतके कान ओतून तयार झालेले वाद्य आपण गवसणीत वर्षानुवर्षे कोंडून ठेवतो, तेव्हा कोणा शिकणाऱ्याच्या हातचे वाद्य आपण अडवून ठेवलेले असते.

“पण ती वडिलांची पेटी आहे, कशी देऊ?” असे आपण म्हणाल. देऊ नका. तिच्यात वडील आहेत असे वाटत असेल, तर ते तिच्या लाकडात आहेत की तिच्या सुरात, एवढे पाहा. स्वतःला येत नसेल तर शेजारच्या मुलाला रविवारी बोलवा, सत्संगाला ती घेऊन जा, वर्षातून एकदा ती दुरुस्तीला दाखवा. आठवण जपायची असेल तर पेटी उघडावी लागेल.

वीणा कोणाची?

वारकरी परंपरेतील हरिनाम सप्ताह आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. सात दिवस रात्रंदिवस वीणेचा पहारा चालतो. वीणा खाली ठेवायची नसते. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो, नमस्कार होतो आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. पहाटे तीन वाजता झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी उभा असलेला वीणेकरी त्या घटकेला तिची पूर्ण काळजी घेतो, आणि घटका संपताच हात जोडून ती देऊन टाकतो. ती त्याची आहे का? गळ्यात आहे तोवर तिची जबाबदारी सर्वस्वी त्याची आहे. मालकी मात्र कोणाचीच नाही. अपरिग्रहाचा याहून स्पष्ट अर्थ मला आढळलेला नाही. अपरिग्रही माणसाजवळही वस्तू असते. पहारा आहे तोवर तो ती जागेपणी सांभाळतो आणि पुढचा आला की आनंदाने सोपवतो.

बृहदारण्यक उपनिषदातील याज्ञवल्क्य आणि मैत्रेयी यांचा संवाद आपणांस ठाऊक आहे. त्याची सुरुवात मालमत्तेच्या वाटणीने होते. याज्ञवल्क्य घर सोडून निघाले आहेत आणि दोघी पत्नींमध्ये द्रव्य वाटून देऊ इच्छितात. मैत्रेयी विचारते की धनाने भरलेली सारी पृथ्वी माझी झाली तरी मी अमर होईन का? ते नाही म्हणतात. मग जी आत्मविद्या ते तिला सांगतात, तिच्यात दुंदुभी, शंख आणि वीणा यांचे दृष्टान्त येतात. वीणा वाजत असताना बाहेर पसरलेले सूर एकेक करून पकडता येत नाहीत. वीणा किंवा वीणा वाजवणारा हाती आला की सूरही हाती आले. मला या दृष्टान्तात माझीच कपाटे दिसतात. मी सुरांच्या मागे एकेक वाद्य गोळा करत धावलो. वाजवणारा कोण, याच्याकडे पाठच होती.

आज माझ्याकडे तीन वाद्ये उरली आहेत आणि तिन्ही वाजतात, बेताचीच वाजतात. ती सतार पक्की दुरुस्त करवून मी ठेवून घेतली आहे. ती विकायचा विचार पुन्हा मनात आला नाही. पहाटे तिच्या खुंट्या पिळताना मी त्या मुलीचे स्मरण करतो, मग डोळे मिटून षड्ज लावतो.

या आठवड्यात आपणही एक करावे. घरातील एका गवसणीची गाठ सोडावी. आतले वाद्य पुसून हाती घ्यावे आणि ठरवावे : याचा पहारा मी करणार आहे का? करणार असेन तर उद्यापासून रोज पंधरा मिनिटे. नसेन, तर पुढचा वीणेकरी शोधावा, त्याला यातील उणे-दुणे आधी सांगावे, आणि हात जोडून ते त्याच्या स्वाधीन करावे.