इर्जिकीतलं वाकडं तास

फुकट मदतीला आलेल्या माणसाच्या चुका काढाव्यात की नाहीत, हा प्रश्न मला परवापरवापर्यंत पडला नव्हता. कारण फुकट मदत करण्याची वेळच मी सहसा येऊ देत नाही.

पण पुण्याचा पुतण्या दिवाळीला अंबाजोगाईला आला तो गळ घालायलाच. जगभरची माणसं मिळून बिनपगारी घडवतात असा कसलासा संगणकाचा प्रोग्रॅम. त्यातले शब्द मराठीत आणायचे. "काका, माणसं टिकत नाहीत हो. येतात आणि चार दिवसांनी गायब!"

एवढंच ना? मी 40 शब्द करून पाठवले. तिसऱ्या दिवशी 11 परत! प्रत्येकापुढे कुणा अनोळखी पोराचा शेरा. 'सेव्ह'ला मी 'वाचवा' लिहिलं होतं. तो म्हणे, फाईल बुडत नाहीये, 'जतन करा' म्हणा. 31 वर्षं सरकारी टिपणं लिहिलेला माणूस मी! मीही गायब व्हायचं ठरवलं.

"तुमच्यापेक्षा आमच्या आबांची इर्जिक बरी," मी पुतण्याला सुनावलं. शहरी वाचकांसाठी सांगतो : इर्जिकीला गावातल्या दहापंधरा बैलजोड्या एकाच्या रानात नांगरायला जमतात. मजुरी नाही, पोटभर जेवण, आणि उद्या तुमच्या रानात आम्ही. बाराव्या वर्षी मीही एक तास धरलं होतं. ते पार पाणंदीच्या दिशेनं निघालं. आबा एवढंच म्हणाले, "वा रे वाघा!" दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी ते गुपचूप पुन्हा नांगरलं, हे आईनं मला सांगितलं ते आबांच्या तेराव्याला.

"म्हणजे काका, तुम्हाला नांगर कधी आलाच नाही."

आला नाही खरा.

त्यांच्याकडे म्हणे गुपचूप काही चालतच नाही. कुणी काय बदललं, कुणी का फिरवलं, सगळं कायमचं नोंदलेलं. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सनं 1991 साली लिनक्स लोकांपुढे ठेवलं, त्याला आजवर हजारोंचे हात लागले. पण आलेलं प्रत्येक तास पारखूनच घेतात. हा टोरवाल्ड्स शेरे मारण्यात इतका तिखट, की 2018 साली त्यानं जाहीर माफी मागितली आणि काही दिवस रजेवर गेला. पारखणं मात्र त्यानं सोडलं नाही.

आपल्याकडे तरी काय? ज्ञानेश्वरीच्या नकला करताकरता हौशी मंडळींनी पदरच्या ओव्या घुसडल्या. गोदावरीपलीकडे पैठणला एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, प्रत शुद्ध केली आणि बजावलं, की यात कुणी आपली ओवी घालू नये. अंगावर थुंकणाऱ्यावरही न रागावणारे म्हणून ज्यांची ख्याती, ते नाथ! म्हणजे ओवीचा मामला थुंकीपेक्षा गंभीर असणार.

रात्री चष्मा लावून ते शेरे पुन्हा उघडले. तळाशी एक ओळ होती, रागाच्या भरात वाचायची राहिलेली : 'बाकीचे 29 छान आहेत. पुढचे 50 घेता का?'

घेतले. परतलेल्या अकरांपैकी दहा त्याच्या म्हणण्याप्रमाणे सुधारले. अकराव्यावर आमचं भांडण अजून चालू आहे.