हरकत घेता येईल असा नकाशा

मोठ्या बँकेत, विमा कंपनीत आणि हल्ली सरकारी खात्यांतही एक अवाढव्य आकृती सापडते. पिवळे, निळे, हिरवे चौकोन आणि त्यांच्यामधून गेलेलं बाणांचं जाळं. बैठकीत ती पडद्यावर येते, आर्किटेक्ट बराच वेळ बोलतो, समोरचे नंदीबैलासारख्या माना डोलावतात आणि चहाला उठतात. पुढे त्या आकृतीवरून केलेली प्रणाली सुरू झाली की त्यांच्यातलाच कोणीतरी म्हणतो, "पण आमच्याकडे काम असं चालतच नाही!" म्हणजे चूक आकृतीत पहिल्या दिवसापासून होती आणि ती पकडू शकणारा माणूस समोरच बसला होता. त्याला ती दिसली नाही, कारण आकृती त्याच्यासाठी काढलेलीच नव्हती.

संस्थेची कामं, माणसं, सॉफ्टवेअर आणि यंत्रं एकमेकांत कशी गुंतली आहेत याचं मॉडेल करणं म्हणजे एंटरप्राइझ आर्किटेक्चर, आणि ही आकृती त्यातलीच. या विद्येचा उगम बहुतेक जण जॉन झॅकमन यांच्या 1987 सालच्या लेखाकडे नेतात. तो आयबीएमच्या नियतकालिकात आला होता. झॅकमननी इमारती कशा बांधल्या जातात ते पाहिलं. मालकासाठी काढलेलं चित्र, वास्तुविशारदाचे आराखडे आणि कंत्राटदाराचे नकाशे एकाच इमारतीचे असतात, पण त्यांतला फरक तपशील कमी-जास्त असण्याचा नसतो. मालकाचं चित्र कितीही मोठं केलं तरी त्यातून कंत्राटदाराचा नकाशा निघत नाही, दोन्हींची जातच वेगळी. म्हणून झॅकमननी सांगितलं की माहिती प्रणालीचं एकच एक आर्किटेक्चर असं काही नसतं, वेगवेगळ्या माणसांसाठी काढलेल्या चित्रणांचा तो संच असतो. पुढे 2000 साली आयईईई 1471 या मानकाने याच विचाराला शिस्त लावली. आधी संबंधित कोण ते ठरवा, त्यांना काळजी कशाची आहे ते लिहा, मग त्या काळजीला उत्तर देणारं चित्र काढा. या क्रमाला मी सगळ्यांत जास्त मान देतो, आणि नेमका तोच रोज मोडला जातो.

चौकोन-बाणांची आज रूढ असलेली भाषा म्हणजे आर्किमेट. ती नेदरलँड्समध्ये 2002 ते 2004 या काळात घडली. घडवणाऱ्यांत संशोधक होतेच, शिवाय एबीएन अ‍ॅम्रो बँक, एबीपी हा पेन्शन फंड आणि डच कर खातं हेही होते. 2008 मध्ये ती ओपन ग्रुप या मानकं ठरवणाऱ्या संस्थेकडे गेली. वर कामकाज, मध्ये सॉफ्टवेअर, खाली यंत्रणा असे तिचे मुख्य थर. पिवळा-निळा-हिरवा हा निव्वळ रिवाज आहे, मानकात रंगांना ठरलेला अर्थ नाही. बाणांना मात्र आहे, आणि फसगत तिथेच होते. 'हा त्याला सेवा देतो' असं सांगणारा बाण सेवा देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जातो. हिशेब विभागाच्या प्रमुखाला तो माहितीचा प्रवाह वाटतो, आणि प्रत्यक्षात माहिती कदाचित उलट दिशेने जात असते. आर्किटेक्ट आणि प्रमुख दोघंही बाणाकडे बोट दाखवून 'बरोबर आहे' म्हणतात आणि दोघांच्या मनात वेगळंच असतं. ही भाषा करणाऱ्यांना हा धोका ठाऊक असावा. म्हणूनच चित्र रचना करण्यासाठी आहे, निर्णय घेण्यासाठी आहे की माहिती देण्यासाठी, हे आधी ठरवायला ती सांगते.

हे सगळं परदेशी वाटतं खरं, पण एकाच वास्तवाची अनेक चित्रणं हा प्रकार महाराष्ट्रातल्या खातेदाराच्या अंगवळणी पडलेला आहे. जमीन तीच. सातबाऱ्यातला नमुना सात तिचा हक्क सांगतो आणि नमुना बारा पीक सांगतो. आठ-अ त्याच नोंदी खातेदाराच्या नावाखाली एकत्र करतो, म्हणजे गावात त्याचं एकूण काय आहे ते कळतं. नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, यातलं काय, कधी, कशामुळे बदललं ते नोंदवते. पीककर्ज देणारी बँक आठ-अ मागते, वकील जुने फेरफार उकरतो. सगळे नमुने एका कागदावर छापून कोणी कोणाच्या हातात देत नाही. आणि ते एकमेकांशी जुळले पाहिजेत हा दंडक आहे.

एंटरप्राइझ मॉडेल आणि नुसत्या सादरीकरणाच्या स्लाइड्स यांत फरक आहे तो या जुळण्याचाच. स्लाइडवरचा चौकोन सुटा असतो. दहा जणांना दहा स्लाइड्स दाखवल्या की महिन्याभरात दहा सत्यं तयार होतात. मॉडेलमध्ये घटक एकदाच नोंदवायचा आणि तो दिसेल त्या प्रत्येक चित्रात तोच असायचा. नाव बदललं की सगळीकडे बदलतं.

महसूल खात्याच्या ई-फेरफार व्यवस्थेचंच मॉडेल करायचं आहे असं धरा. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदवलं जातं, त्याची माहिती ऑनलाइन महसूल खात्याकडे येते, तलाठी फेरफार धरतो, संबंधितांना नोटिसा जातात, हरकतीसाठी 15 दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. (तलाठ्याचं अधिकृत नाव आता ग्राम महसूल अधिकारी आहे, पण गावात अजून तलाठीच.) जमीन घेणाऱ्याला यातली एकच ओळ हवी: माझी नोंद कुठे अडली आणि कोणाकडे जायचं. तलाठ्याला हवं ते वेगळं. पडद्यावर आलेली माहिती कुठून आली, तिच्यात तो काय दुरुस्त करू शकतो, काय नाही. मंत्रालयातल्या सचिवाला सर्व्हरचं नाव कळून उपयोग नाही. हे बंद पडलं तर पीककर्ज आणि पीकविमा यांतलं काय थांबेल, हे त्याला दिसलं पाहिजे. तीन चित्रं, मॉडेल एक. आता समजा तलाठी त्याच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाला, "नोटीस काढायची म्हणता, पण पत्ता अपुरा येतो." ही तक्रार एका बाणावर बसते, त्या बाणामागे निबंधक कार्यालयाची प्रणाली आहे, आणि सचिवाच्या चित्रातही तोच बाण आहे. मोघम कुरकूर आता ठिकाण असलेली हरकत झाली. मॉडेलची संवादातली किंमत मी एवढीच धरतो. एकमत करून देणं हे त्याचं काम नाही. मतभेद नेमका कुठे आहे ते दाखवून दिलं तरी पुष्कळ झालं.

फेरफाराची पद्धत इथे आर्किटेक्ट मंडळींपेक्षा शहाणी आहे. नोंद धरली म्हणजे ती खरी झाली असं ती मानत नाही. चावडीवर नोटीस लागते, हितसंबंधितांना कळवलं जातं, हरकत आली तर विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्याच्या काळात प्रमाणित न झालेली नोंद पेन्सिलने असायची. ही पद्धत व्यवहारात अनेकदा रेंगाळते, गैरफायदाही घेतला जातो, पण हरकतीला जागा ठेवलेली आहे. आर्किटेक्टच्या बैठकीत ती कुठे असते? तिथे पहिल्याच दिवशी सगळं शाईने काढलेलं असतं. चित्र जितकं देखणं, तितकं त्याला चूक म्हणणं अवघड.

यातलं एक दुखणं मॉडेलने बरं होणारं नाही. साहेब समोर बसलेले असताना कनिष्ठ माणूस तोंड उघडत नाही. बाण चुकलेला त्याला स्वच्छ दिसतो आणि तरीही तो मान डोलावतो. ओपन ग्रुपचं कुठलंही मानक यावर इलाज सांगत नाही. इलाज कामाच्या रीतीत आहे: ज्याचं चित्र त्याला आधी एकट्याला दाखवणं, त्याच्या जागेवर जाऊन, लिहून दुरुस्त करता येईल अशा कागदावर. याला वेळ लागतो. म्हणूनच प्रकल्पाच्या वेळापत्रकात त्याला सगळ्यांत आधी कात्री लागते.

तेव्हा तुमच्या कार्यालयात अशी आकृती पडद्यावर आली, तर चांगली झाली आहे म्हणण्याआधी दोन प्रश्न विचारा. यात माझं काम कोणत्या चौकोनात आहे? आणि ते चुकीचं असेल तर कोणाकडे, किती दिवसांत सांगायचं? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, तर त्या आकृतीला संमती देऊ नका.