आंबट चवीचा न्याय

रुचि ही स्वभावाची साक्ष कीं संगतीची, हा प्रश्न मला एका आंबट पेयानें घातला. लहानपणीं, कुंडलिकेच्या कांठीं नवीन जालन्यांत, शेजारच्या आजीबाईंनीं ज्वारीच्या आंबिलीचा गडू पुढें केला. मीं नाक मुरडलें. त्यांनीं तो मुकाट्यानें परत नेला. पुढें प्रौढपणीं ब्रुसेल्स येथें ‘लॅम्बिक’ नांवाची आंबट बीअर प्रथमच चाखली. पहिल्या घोटास तोंड वांकडें झालें. परंतु यजमान तिची थोरवी सांगत होते, म्हणून दुसरा घेतला, आणि तिसऱ्यास ती आवडूं लागली.

या बीअरमध्यें किण्व मुद्दाम घालीत नाहींत. उघड्या पात्रांत रात्रभर निवणाऱ्या काढ्यांत हवेंतील सूक्ष्म जीव आपण होऊन शिरतात. तिच्या आंबटपणाचें एक मुख्य कारण दुग्धाम्ल होय. पाश्चरनें १८५७ सालीं ज्या किण्वनाचें विवेचन केलें, तेंच आजीबाईंच्या मडक्यांतही चालत असे. मग अंतर कशांत होतें? बीअरला मीं तीन घोटांची सवड दिली, आंबिलीला एकाचीही नाहीं. अनोळखी चव न आवडणें हा दोष नव्हे. परंतु न चाखतांच निवाडा करणें, आणि तोही पाजणाऱ्याचा मान पाहून, हा अन्यायच होय. आंबील आजही मिळेल. तो गडू पुढें करणारा हात मात्र आतां नाहीं.