किल्ली कुणाकडे?

वस्तीत युवा केंद्र काढायचं ठरलं की मोठी माणसं लगेच यादी करतात: व्यक्तिमत्त्व विकास, व्यसनमुक्तीवर व्याख्यान, स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन. मुंबईच्या पूर्व उपनगरात मुलामुलींसोबत काम करताना मी या याद्या पुष्कळ ऐकल्या. मुलांना विचारलं की वेगळंच ऐकू येतं. रात्री अकरापर्यंत उघडं ठेवाल का? मोबाइल चार्ज करायला पॉइंट आहेत का? बसलो तर कुणी हटकणार नाही ना?

बसायला जागा ही मागणी वरवर किरकोळ वाटते. पण दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, टीव्ही आणि गॅस असताना पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलाने पुस्तक उघडायचं कुठे? भांडण झालं, निकाल वाईट लागला, तर गप्प बसायचं कुठे? नाक्यावर उभं राहिलं की टवाळखोर ठरतो. मुलींना तर नाकाही नाही. त्यांच्या वाट्याला सार्वजनिक नळ आणि शिकवणीची वाट, तीही घाईची.

आमच्याकडे कॅरम आणला तेव्हा बोर्ड पहिल्या संध्याकाळपासून मुलांच्या ताब्यात गेला. मुली दारातून बघून परत जात. मग आठवड्यातल्या दोन संध्याकाळी फक्त त्यांच्यासाठी ठेवल्या, संडासाला आतून नीट लागणारी कडी बसवली, गल्लीच्या तोंडाशी दिवा लावून घेतला. तेव्हा कुठे त्या येऊ लागल्या. बोटांना बोरिक पावडर लागलेली, स्ट्रायकर नेमका बसला की ओरडणारी, घरी कधी आवाज न चढवणारी मुलगी मी तिथे पाहिली. त्यांच्यातली एक म्हणाली, "ताई, एक दिवस आम्हाला काही शिकवू नका ना." हे वाक्य मी प्रत्येक नियोजनाच्या बैठकीत सांगते.

राष्ट्रीय युवा धोरणाने 2014 साली युवा म्हणजे 15 ते 29 वर्षं असं ठरवलं. कागदावर ते ठीक आहे. प्रत्यक्षात पंधरा वर्षांच्या पोराला खेळायचं असतं, तर पंचविशीतल्याला बायोडाटा छापून हवा असतो, बँकेचा फॉर्म कुणीतरी समजावून हवा असतो. दोघांना एकाच वेळी एका खोलीत कोंबलं तर धाकटा यायचा बंद होतो.

आणि दोघांनाही हवं असतं रोज भेटणारं एक मोठं माणूस. घरी चुगली न करणारं, पण गोष्ट जिवावर बेतण्यासारखी असेल तर हात धरून डॉक्टरकडे नेणारं. हे काम सहज जमत नाही, शिकावं लागतं. मुंबईने हे फार आधी ओळखलं होतं. क्लिफर्ड मॅन्शर्ट यांनी 1920च्या दशकात नागपाडा नेबरहूड हाऊस सुरू केलं, ते गर्दीच्या कामगार वस्तीत. त्याच वास्तूत 1936 मध्ये समाजकार्याचं शिक्षण देणारी शाळा उघडली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. वस्तीतलं काम आणि त्या कामाचं रीतसर शिक्षण एका छताखाली होतं, याचं मला फार मोल वाटतं.

आज समाजमंदिरं आमदार निधीतून बांधली जातात. फरशी, पंखे, उद्घाटनाची संगमरवरी पाटी, सगळं होतं. मग दाराला कुलूप लागतं, किल्ली एखाद्या पदाधिकाऱ्याच्या घरी जाते आणि बारसं किंवा साखरपुडा असला की हॉल उघडतो. बांधकामाला पैसे मिळतात. संध्याकाळभर तिथे थांबणाऱ्या माणसाच्या पगारावर मात्र कुणी पाटी लावू शकत नाही. दुसरा मजला चढवण्याआधी एका ताईचा आणि एका दादाचा वर्षभराचा पगार, विजेचं बिल आणि संडासाची सफाई एवढ्याची तरतूद करा, असं मी सांगत असते. किल्लीची एक प्रत मुलामुलींच्या समितीकडे द्या, हेही सांगते. यावर हमखास प्रश्न येतो: काही मोडलं तर? मोडेल. मग तीच मुलं वर्गणी काढून दुरुस्त करतात. दर गणपतीत मांडव, वीज आणि मिरवणूक सांभाळणाऱ्या पोरांना एक खोली सांभाळता येणार नाही, हे मला पटत नाही.