सही करण्यापूर्वी



२०२० च्या टाळेबंदीत आपल्या अनेक घरांत एकाच मजकुराचे पत्र आले. कंपनी अडचणीत आहे, पगारात कपात होत आहे, खाली सही करून संमती कळवावी. बहुतेकांनी सही केली. नोकरी तरी राहील! टाळेबंदी संपली, पण अशी पत्रे निघायची थांबलेली नाहीत. मंदी आली, मागणी घटली, की पुन्हा तोच कागद. अशा सहीला संमती म्हणावे काय?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचे एक उदाहरण आमच्यापुढे येई. वादळात सापडलेला तांडेल होडी वाचावी म्हणून माल समुद्रात टाकतो. हे त्याने इच्छेने केले की इच्छेविरुद्ध? हात त्याचे, निर्णयही त्याचा. पण वादळ नसते तर आपला माल पाण्यात कोण टाकील? संत थॉमस अक्वायनस यांनीही यावर विचार केला आहे. आपले कोळी बांधव मात्र आणखी एक प्रश्न विचारतील: माल कोणाचा टाकला? तांडेलाने स्वतःचा राखला आणि खलाशांचा तेवढा टाकला, तर ती नुसती होडी वाचविणे नव्हे.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात नेमके यावरच बोट ठेवले. गरजेपोटी किंवा भीतीपोटी कामगाराने कमी मजुरी कबूल केली, म्हणून ती न्याय्य ठरत नाही. तो बळजबरीचा बळी असतो, असे ते शिकवितात. नैसर्गिक न्याय कराराच्याही आधीचा आहे. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी हे नाव घेताना याच परिपत्रकाची आठवण दिली.

द्राक्षमळ्याचा दाखला (मत्तय २०:१-१६) काही मालकांना फार आवडतो. माझे आहे, त्याचे मी हवे ते करीन! पण नीट वाचा. सकाळपासून राबलेल्यांना त्या धन्याने ठरलेला दिनार पुरता दिला. आपले स्वातंत्र्य त्याने वापरले ते उशिरा आलेल्यांना जास्त देण्यासाठी. कापून घेण्यासाठी तो दाखला उपयोगी नाही. तिथे याकोबाच्या पत्रातील पाचवा अध्याय वाचावा लागेल.

संकट खरे असेल तर कपात कधीच करू नये, असे मी म्हणत नाही. कारखाना बंद पडण्यापेक्षा सर्वांनी थोडे सोसलेले बरे. पण मग विचारावे: हिशेब दाखवाल का? साहेबांचाही पगार कापला आहे का? किती महिन्यांसाठी? गाडी रुळावर आल्यावर राहिलेले परत मिळेल का? हे विचारणे उद्धटपणा नव्हे. उत्तर लेखी मागावे.

कायदाही थोडा आधार देतो. पूर्वी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ते कलम ४० आहे. कामगाराच्या वेतनात बदल करण्यापूर्वी मालकाने साधारणपणे नोटीस देऊन २१ दिवस थांबावयाचे असते. व्यवस्थापकीय पदावरील मंडळींना याचा लाभ नाही. त्यांनी आपले नेमणूकपत्र काढून वाचावे. किमान वेतनाच्या खाली मात्र कामगाराने सही दिली तरी जाता येत नाही. युनियन असेल तर एकट्याने सही करण्यास जाऊच नये.

आता दुसरी बाजू. आपल्यापैकीही काही जण मालक आहेत. कोणाचे दुकान आहे, कोणाचे वर्कशॉप, आणि भांडी घासायला बाई तर पुष्कळांकडे येते. टाळेबंदीत तिला आपणच येऊ नको म्हटले. तिचा त्या महिन्यांचा पगार दिला का? तिच्याकडून तर सहीसुद्धा कोणी घेतली नाही. मजुराचे सूर्यास्तापूर्वी द्या, कारण त्याचा जीव त्यावर अवलंबून असतो, असे अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात सांगितले आहे. जिचे देणे राहिले असेल ती बाई आजही ओळखीची असेल.

ज्यांच्या हाती सध्या असे पत्र आहे, त्यांनी आज मिस्सानंतर कार्यालयात भेटावे. येताना नेमणूकपत्र आणि मागील तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या बरोबर आणाव्यात. सही तोपर्यंत करू नये.

आपला,
धर्मगुरू