बापाच्या नावाची चिठ्ठी

परवा शहापूरच्या बाजारात एका वृद्ध गृहस्थांनी मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारली. वडीलही मास्तरच, त्यांना जाऊन अकरा वर्षे झाली. मी वळलो आणि चक्क ‘ओ’ दिली! घरी आल्यावर मात्र ती ओ मनाला लागून राहिली.

त्याच सुमारास मी क्रेमोनाच्या स्त्रादिव्हारीविषयी वाचत होतो. व्हायोलिन करणारांचा हा सम्राट १७३७ मध्ये वारला, तेव्हा त्याने नव्वदी ओलांडली होती. थोरला मुलगा फ्रान्चेस्को सहासष्ट वर्षांचा, ओमोबोनो अठ्ठावन्न. दोघांचीही हयात बापाच्या कारखान्यात गेली. वाद्याच्या पोटातल्या चिठ्ठीवर नाव बापाचे. ओमोबोनो १७४२ मध्ये गेला, फ्रान्चेस्को १७४३ मध्ये. धाकटा पाओलो तेवढा कापडाच्या धंद्यात पडला. (प्रत्येक घरात एक पाओलो असतो, आणि बहुधा तोच सुखी असतो.)

याला पितृभक्ती म्हणावे की आत्मलोप? आपण घाईने पितृभक्ती म्हणतो, कारण लहानपणापासून आपल्याला बापाच्या बाजूने बोलायला शिकविलेले असते.

आपल्याकडे मिरजेत फरीदसाहेब सितारमेकरांपासून दीडशेहून अधिक वर्षे सतारी-तंबोरे होत आले. मूळचे हे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. पंढरपूरकडचा भोपळा, तुणीचे लाकूड, मापे, हे सारे बाप मुलाच्या हाती देऊ शकतो. जवारी मात्र देता येत नाही. घोडीचा माथा घासत जायचे, तार छेडून पाहायची, आणि कान ‘बस’ म्हणेल तेथे थांबायचे. एक हात जास्त पडला की स्वर बसला! बाप शेजारी असला तरी त्या क्षणी मुलगा एकटा असतो.

म्हणजे फ्रान्चेस्को अगदीच रिता गेला नाही, असे म्हणून मी मनाची समजूत घातली. पण हे समाधान फार स्वस्त नाही का? मुलाने नाव मागितले नसेलही. बापाने ते देऊ केले होते का?

माझा मुलगा माझ्या कादंबऱ्यांची मुद्रणप्रत तयार करतो. मधूनच एखादे वाक्य तो सुधारतो. मी ते तसेच ठेवतो. पुस्तकावर नाव माझे. काल त्याने नवी प्रत आणून दिली. रात्री कंदिलाशी बसून त्याची वाक्ये शोधू लागलो. एकही ओळखता आले नाही.