अमानित्व आणि भय

नाशिकमध्ये डेटा सायन्सच्या पेशात असलेल्या एखाद्या तरुणास, आपली भाकिते वारंवार खरी ठरूनही आपण या हुद्द्यास अपात्र आहोत आणि आज ना उद्या ते उघडकीस येईल अशी जी धास्ती लागून राहते, तिला विनय म्हणावे काय, हा प्रश्न मला धर्मचिंतनाचाच वाटतो. उत्तरातील प्रमादाची शक्यता मोजणे हे त्याचे कर्तव्यच होय. परंतु तो संशय उत्तरावरून स्वतःवर सरकला की निराळेच काही घडते. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानलक्षणांच्या अग्रभागी अमानित्व आहे. पण अमानी पुरुषाला मानाची अपेक्षाच नसते, तर या भयग्रस्ताचे चित्त अहोरात्र मानापमानाच्या हिशेबात गुंतलेले असते.

अमानित्वाचे उदाहरण म्हणून मला देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर आठवतात. या गणितप्रेमी मास्तरांपाशी पदव्युत्तर सनद नव्हती, आणि कित्येक गणितज्ञांनी त्यांची उपेक्षाच केली. तरी, चारही अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन तिच्या अंकांच्या उतरत्या मांडणीतून चढती मांडणी वजा करीत (उत्तर तीन अंकी आल्यास आधी शून्य धरून) गेल्यास फार तर सात पायऱ्यांत ६१७४ हाती येते, हे त्यांनी शोधून काढले आणि १९४९ मध्ये जाहीर केले. गणितावर लिहिणारे अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिले ते १९७५ मध्ये. मधल्या पंचवीसहून अधिक वर्षांत ती वजाबाकी तितकीच खरी होती, आणि कापरेकर संख्यांतच रमलेले होते.